लाटांच्या गलबल्यात लहान होडीचा माग

महाराष्ट्राला ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे वाक्य अनेक पिढ्यांनी शालेय पुस्तकांतून वाचले आहे. खाड्या आणि किनाऱ्याची वळणे अधिक बारकाईने हिशेबात घेणाऱ्या नव्या मोजणीनुसार ही लांबी सुमारे ८७८ किलोमीटर भरते. डहाणूपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत पसरलेल्या या किनाऱ्यावरून मासेमारीच्या हंगामात हजारो नौका समुद्रात जातात आणि परततात. त्याच पाण्यातून मोठी मालवाहू जहाजे मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदराकडे ये-जा करीत असतात. या वर्दळीत एखादी अनोळखी होडी मिसळली, अथवा इंजिन बंद पडलेली गावातलीच एखादी होडी वाहत दूर गेली, तर ती वेळीच दृष्टीस कशी पडावी, हा प्रश्न किनाऱ्यावरील प्रत्येक गावाच्या जिव्हाळ्याचा आहे.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी या प्रश्नाचे गांभीर्य साऱ्या देशाला कळून चुकले. कराचीहून निघालेल्या दहा हल्लेखोरांनी भर समुद्रात ‘कुबेर’ ही मच्छिमार नौका बळकावली, मुंबईजवळ येताच ते हवा भरलेल्या रबरी होडीत उतरले आणि कफ परेडजवळील मच्छिमार वसाहतीच्या किनाऱ्याला लागले. नंतरच्या हल्ल्यांत १६६ जणांचा बळी गेला. किनाऱ्याला लागलेले हे अनोळखी तरुण प्रथम दृष्टीस पडले ते त्या वसाहतीतील रहिवाशांच्या.

या घटनेनंतर भारताच्या किनाऱ्यावर रडार केंद्रांची साखळी उभारण्यात आली. भारतीय तटरक्षक दलासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उपक्रमाने पहिल्या टप्प्यात ४६ केंद्रे उभी केली. त्यांपैकी ३६ मुख्य भूमीवर, ६ लक्षद्वीपमध्ये आणि ४ अंदमान-निकोबारमध्ये आहेत. दुसऱ्या टप्प्यात आणखी ३८ केंद्रांची योजना हाती घेण्यात आली. तथापि, रडार बसविले की समुद्रावरील प्रत्येक वस्तू आपोआप पडद्यावर दिसू लागते, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती खरी नाही. मोठे जहाज रडारला सहज दिसते. लहान होडी मात्र लाटांच्या गलबल्यात हरवून जाते. तिला तेथून वेगळे काढणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. ती कशी चालते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे किनारपट्टीशी संबंध असलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

रडारचे मूळ तत्त्व

डोंगराकडे तोंड करून हाक मारली असता प्रतिध्वनी ऐकू येतो आणि तो येण्यास लागलेल्या वेळेवरून डोंगर किती दूर आहे याचा अंदाज करता येतो. रडार हेच काम रेडिओ लहरींच्या साहाय्याने करते. फिरत्या आकाशकातून लहरींचे अत्यंत अल्पकालीन स्पंद सोडले जातात. वाटेत एखादी वस्तू आली की लहरींचा अल्पसा अंश तिच्यावर आपटून परत येतो. रेडिओ लहरींचा वेग सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर असल्याने ३० किलोमीटरवरील नौकेचा प्रतिध्वनी सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात परत येतो. आकाशकाचे तोंड कोणत्या दिशेला होते त्यावरून दिशा आणि लागलेल्या वेळेवरून अंतर निश्चित होते.

या कल्पनेचा पहिला उपयोग जहाजांसाठीच झाला. जर्मन संशोधक क्रिस्टियान हुल्समायर यांनी मे १९०४ मध्ये कोलोन शहरात ऱ्हाईन नदीवर आपल्या उपकरणाचे प्रात्यक्षिक दाखविले. नदीतून जहाज जाऊ लागले की या उपकरणातील घंटा वाजे. पुढे फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी पोकळी मॅग्नेट्रॉन हे साधन सिद्ध केले आणि सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या लहरी मोठ्या शक्तीने निर्माण करणे शक्य झाले. अशा रडारने सज्ज झालेल्या विमानांनी १९४३ मध्ये अटलांटिक महासागरात पाण्यावर आलेल्या जर्मन पाणबुड्यांचा माग काढण्यात मोठा वाटा उचलला. त्या वर्षीच्या केवळ मे महिन्यात ४१ जर्मन पाणबुड्या नष्ट झाल्या.

जर्मनांनी यावर जो उपाय योजला तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. १९४४ पासून त्यांच्या पाणबुड्या ‘श्नॉर्केल’ नावाची हवेची नळी वापरू लागल्या. पाणबुडी पाण्याखाली राही आणि या नळीचे लहानसे टोक तेवढे पाण्यावर दिसे. समुद्र शांत असता हे टोक रडारवर सापडण्याची शक्यता असे. परंतु समुद्र थोडा खवळला की त्याचा प्रतिध्वनी लाटांच्या प्रतिध्वनींत मिसळून जाई. विमानातील रडार तेच होते आणि त्याची शक्तीही तेवढीच होती. बदलला होता तो लक्ष्याचा आकार. लहान लक्ष्याच्या बाबतीत रडारचा खरा प्रतिस्पर्धी समुद्रच असतो, हा धडा तेव्हापासून मिळाला.

क्षितिजाची मर्यादा

समुद्राच्या गलबल्याकडे वळण्यापूर्वी दोन प्राथमिक अडचणी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अडचण पृथ्वीच्या गोलाईची. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. वातावरणामुळे त्या किंचित वाकतात एवढेच. त्यामुळे आकाशक जितका उंच तितकी त्याची नजर दूर पोहोचते. आकाशकाची उंची २५ मीटर असेल तर पाण्यावर एक मीटर उंच असलेली वस्तू सुमारे २५ किलोमीटरपर्यंतच त्याच्या दृष्टिरेषेत राहते. उंची १०० मीटर केली तर ही मर्यादा सुमारे ४५ किलोमीटरपर्यंत वाढते. उंची चौपट केली तरी अंतर दुप्पटही होत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. किनाऱ्यावरील रडारांसाठी दीपगृहांच्या जागा निवडण्यामागे हेच कारण आहे. जी उंची पूर्वी नाविकाला दिवा दिसावा म्हणून शोधली गेली, तीच आता रडारला नौका दिसावी म्हणून उपयोगी पडत आहे.

हवामान मात्र हा नियम कधी कधी मोडते. उन्हाळ्यात जमिनीवरील उष्ण व कोरडी हवा समुद्रावरील दमट हवेच्या थरावर पसरते, तेव्हा रेडिओ लहरी पाण्यालगतच्या थरात पन्हळीतून पाणी जावे तशा अडकून फार दूर जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबई येथील दीड मीटर तरंगलांबीच्या रडारवर सुमारे १७०० मैल दूरच्या अरबस्तानच्या भूभागाचे प्रतिध्वनी उमटल्याची नोंद आहे. हा चमत्कार वाटला तरी कामाच्या दृष्टीने तो त्रासदायकच होय. कारण दूरचा उशिरा आलेला प्रतिध्वनी जवळच्या नौकेचा भास निर्माण करतो. मान्सून सुरू झाला की ही पन्हळ मोडते.

दुसरी अडचण अशी की, अंतर दुप्पट झाले की प्रतिध्वनी निम्मा न होता सोळावा हिस्सा उरतो. जाताना लहरी पसरतात आणि परत येतानाही पसरतात, म्हणून ही घट इतकी तीव्र असते. त्यातून होडी फायबरची असेल तर लहरींचा बराच भाग तिच्यातून आरपार जातो. प्रतिध्वनी देण्याचे काम प्रामुख्याने इंजिन, लोखंडी सामान आणि होडीतील माणसे यांच्यावर येऊन पडते. लोखंडी मालवाहू जहाज रडारला हजारो चौरस मीटरच्या लक्ष्याप्रमाणे भासते, तर लहान होडी एखाद-दुसऱ्या चौरस मीटरएवढी भासते.

समुद्राचा स्वतःचा प्रतिध्वनी

मग रडारची शक्ती वाढवावी, असा विचार साहजिकच मनात येतो. परंतु शक्ती दुप्पट केली की होडीचा प्रतिध्वनी जसा दुप्पट होतो तसा लाटांचाही होतो आणि दोहोंचे परस्पर प्रमाण होते तेच राहते. अंधारात दिवा मोठा करण्याने वस्तू दिसते. गर्दीत मात्र दिवा मोठा करून माणूस सापडत नाही.

या गर्दीची कल्पना येण्यासाठी एक हिशेब उपयोगी पडेल. रडार समुद्राचे लहान लहान कोष्ठकांत विभाजन करून पाहते. एका अंशाएवढी अरुंद असलेली लहरींची शलाका ३० किलोमीटरवर सुमारे ५२० मीटर रुंद झालेली असते. स्पंदाचा काळ सेकंदाचा दहा लक्षावा भाग असेल तर अंतराच्या दिशेने कोष्ठकाची लांबी १५० मीटर येते. म्हणजे एका कोष्ठकाचे क्षेत्र जवळजवळ पावणेआठ हेक्टर झाले. खवळलेल्या समुद्राचा दर हेक्टर एक चौरस मीटर लक्ष्याएवढा प्रतिध्वनी देतो असे उदाहरणापुरते धरले, तर त्या कोष्ठकातून समुद्राचा पावणेआठ आणि होडीचा केवळ एक, असे प्रमाण पडते. होडीचा आवाज समुद्राच्या आवाजात बुडून जातो.

यावर पहिला उपाय कोष्ठक लहान करण्याचा. स्पंदाचा काळ दहापट कमी केला तर कोष्ठक १५ मीटर लांबीचे होते, क्षेत्र पाऊण हेक्टरवर येते आणि समुद्राचा प्रतिध्वनीही त्याच प्रमाणात घटतो. होडी मात्र होती तेवढीच राहते. आता पारडे होडीच्या बाजूला किंचित झुकते.

दुर्दैवाने येथे एक नवीन अडचण उभी राहते. मोठ्या कोष्ठकात असंख्य लाटांचे प्रतिध्वनी एकत्र होऊन त्यांची सरासरी बनते. लहान कोष्ठकात एकेक लाट सुटी दिसू लागते. फुटणाऱ्या लाटेचा उभा माथा क्षणभर होडीइतका, किंबहुना तिच्याहूनही तेजस्वी ठिपका देतो आणि लगेच विझतो. ब्रिटनमधील मॉल्व्हर्न येथील शास्त्रज्ञ कीथ वॉर्ड यांनी १९८१ मध्ये या वर्तनाचे एक गणिती स्वरूप मांडले. त्यानुसार समुद्राच्या प्रतिध्वनीत दोन प्रकारचे चढउतार असतात. एक अतिशय जलद, पाण्यावरील बारीक तरंगांमुळे होणारा. दुसरा संथ, मोठ्या लाटांच्या चढउताराबरोबर येणारा. जलद चढउतार रडारच्या लहरींची वारंवारता सतत बदलत ठेवून पुष्कळसा सपाट करता येतो. संथ चढउतार मात्र त्या उपायाने जात नाही, आणि नेमका तोच होडीसारखा भासतो.

उंबरठा कोठे ठेवावा?

प्रत्येक कोष्ठकातून आलेला प्रतिध्वनी ठराविक मर्यादेहून मोठा असेल तर तेथे काही तरी आहे, असा निर्णय यंत्र देते. या मर्यादेस उंबरठा म्हणता येईल. उंबरठा उंच ठेवला तर लाटा आत येत नाहीत, पण लहान होडीही बाहेरच राहते. तो खाली आणला तर होडी आत येते आणि तिच्यासोबत लाटाही येतात. आधुनिक यंत्रे प्रत्येक कोष्ठकाच्या शेजारपाजारची सरासरी काढून त्या त्या जागी उंबरठा आपोआप वरखाली करतात. तरीही किती खोटे इशारे सहन करावयाचे, हे अखेर माणसालाच ठरवावे लागते.

ही निवड किती कठीण आहे हे आकड्यांवरून दिसेल. ४० किलोमीटरपर्यंतच्या अर्धवर्तुळाकार समुद्राचे १५ मीटर लांब आणि एक अंश रुंद असे भाग पाडले तर सुमारे ४ लक्ष ८० हजार कोष्ठके होतात. आकाशक मिनिटाला २४ फेरे घेत असेल तर यंत्राला एका मिनिटात सुमारे १ कोटी १५ लक्ष निर्णय द्यावे लागतात. लाखात एकच निर्णय चुकतो असे धरले तरी मिनिटाला ११५ खोटे ठिपके पडद्यावर येतील. चूक कोटीत एक इतकी दुर्मिळ केली तरी दिवसाला सोळाशेहून अधिक खोटे इशारे मिळतील. प्रत्येक इशाऱ्यामागे गस्तीनौका पाठविणे अशक्य आहे. आणि ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीप्रमाणे वारंवार फसलेला पहारेकरी खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतो. खोटे इशारे कमी करण्यासाठी उंबरठा वाढवीत गेले की ज्या लहान होडीसाठी एवढा खटाटोप, तीच नजरेआड होते.

वेगाची खूण

या पेचातून सुटण्याचा एक मार्ग होडीच्या गतीने दाखविला आहे. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढ्या आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरत्या सुरात ऐकू येते. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या या तत्त्वानुसार हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या रेडिओ लहरींची वारंवारताही किंचित बदलते. सुमारे ३.२ सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरणाऱ्या रडारकडे एखादी होडी ८ नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने येत असेल, तर हा बदल सेकंदाला सुमारे २५० कंपनांचा असतो.

विमानाच्या बाबतीत हा उपाय रामबाण ठरतो, कारण डोंगर व इमारती स्थिर असतात आणि विमान वेगवान असते. समुद्र मात्र स्वतःच हलत असतो. लाटांमुळे आणि वाऱ्यामुळे त्याचा प्रतिध्वनीही सेकंदाला एक-दोन मीटर वेगाची खूण घेऊन येतो, आणि वादळी हवेत ही खूण अधिकच पसरते. वेगाने सरळ किनाऱ्याकडे येणारी होडी या पसाऱ्यातून वेगळी निघते. पण किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या होडीचे रडारपासूनचे अंतर त्या क्षणी बदलत नसल्याने तिची ही खूण जवळजवळ शून्य होते. वाहत असलेल्या होडीची खूण तर पाण्याच्याच खुणेसारखी असते. संकटात सापडलेली, इंजिन बंद पडलेली मच्छिमार नौका नेमकी याच वर्गात मोडते.

स्मरणशक्तीचा उपयोग

येथे उपयोगी पडतो तो काळ. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात रात्री झाडे काजव्यांनी लुकलुकू लागतात. अशा झाडीआडच्या पायवाटेने कोणी कंदील घेऊन जात असेल, तर एका दृष्टिक्षेपात काजवा कोणता आणि कंदील कोणता हे सांगता येत नाही. मात्र मिनिटभर टक लावून पाहिले की काजवे कोठेही पेटतात आणि विझतात, तर एकच उजेड पायवाटेने सावकाश पुढे सरकत राहतो, हे ध्यानात येते. होडीचा ठिपका आणि लाटेचा ठिपका यांत नेमका हाच भेद आहे.

रडारला अशी स्मरणशक्ती देण्याची सोपी रीत म्हणजे पाच फेऱ्यांपैकी किमान तीन फेऱ्यांत जो ठिपका दिसेल तोच खरा मानणे. समजा, उंबरठा बराच खाली आणून एका फेरीत हजारात एक खोटा ठिपका चालू दिला. लाटांचे ठिपके एकमेकांवर अवलंबून नसतील, तर पाचपैकी तीन वेळा तोच खोटा ठिपका दिसण्याची शक्यता सुमारे दहा कोटींत एक एवढी कमी होते. होडी सरकत असल्याने शेजारची कोष्ठकेही तपासावी लागतात आणि लाटाही परस्परांपासून पूर्णपणे स्वतंत्र नसतात. त्यामुळे प्रत्यक्षातील लाभ याहून कमी असतो, तरीही तो मोठाच आहे. उंबरठा खाली आणूनही खोटे इशारे घटतात, हे या रीतीचे मर्म होय. त्यासाठी मोजावी लागणारी किंमत म्हणजे काही सेकंदांचा विलंब. मिनिटाला २४ फेरे घेणाऱ्या आकाशकाला पाच फेऱ्यांसाठी साडेबारा सेकंद लागतात.

संगणकांची क्षमता वाढल्यावर याहून पुढचे पाऊल टाकता आले. या रीतीत प्रत्येक फेरीला होय किंवा नाही असा निर्णय न देता सर्व कोष्ठकांतील मूळ प्रतिध्वनी साठवून ठेवतात. त्यानंतर होडी अमुक वेगाने अमुक दिशेला जात असेल तर ती प्रत्येक फेरीत कोठे असेल, याचे अनेक संभाव्य मार्ग संगणक आखतो आणि प्रत्येक मार्गावरील प्रतिध्वनींची बेरीज करतो. ८ नॉट वेगाची होडी दर फेरीत सुमारे १० मीटर पुढे जाते. तिच्या खऱ्या मार्गावर केलेली बेरीज हळूहळू वाढत जाते. चुकीच्या मार्गांवर लाटांचे चढउतार परस्परांना छेद देतात. २४ स्वतंत्र फेऱ्यांची सरासरी घेतली तर हे चढउतार जवळजवळ एकपंचमांश होतात. अशा रीतीने एकाही फेरीत स्वतंत्रपणे न दिसलेली होडी मिनिटभराच्या साठवणुकीतून प्रकट होऊ शकते. प्रथम माग आणि मग दर्शन, असा हा उलटा क्रम आहे. होडीने मध्येच दिशा बदलली तर बेरीज मोडते, आणि पावसाच्या सरींत ३ सेंटिमीटरच्या लहरींना थेंबांचाही गलबला ऐकावा लागतो. या रीतीलाही मर्यादा आहेत त्या अशा.

ठिपक्यापासून ओळखीपर्यंत

होडी दिसली तरी ती कोणाची, हे रडार सांगत नाही. मोठी जहाजे आपले नाव, स्थान, दिशा व वेग सांगणारे स्वयंचलित ओळखयंत्र वापरतात. आंतरराष्ट्रीय सफरीवरील ३०० टन व त्याहून मोठ्या जहाजांना ते बंधनकारक आहे. भारतात २० मीटरहून लांब मच्छिमार नौकांनाही ते लागू करण्यात आले. रडारवरील ठिपका आणि ओळखयंत्राचा संदेश जुळला की तो ठिपका शंकेच्या यादीतून वगळता येतो. किनाऱ्यावरील केंद्रांकडून आलेली ही सारी माहिती गुरुग्राम येथील माहिती व विश्लेषण केंद्रात एकत्र केली जाते. या केंद्राचे उद्घाटन २३ नोव्हेंबर २०१४ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते झाले.

तरीही निर्णय किती नाजूक असतो, हे रायगड जिल्ह्यातील दोन घटनांवरून दिसते. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक निर्मनुष्य नौका लागली आणि तीत तीन रायफली सापडल्या. चौकशीअंती ही नौका जून महिन्यात मस्कतजवळ इंजिन बंद पडल्याने खलाशांनी सोडून दिलेली असून वाहत येथवर आल्याचे निष्पन्न झाले. उलटपक्षी, जुलै २०२५ मध्ये रेवदंडा-कोर्लई किनाऱ्यासमोर संशयास्पद नौका असल्याचा इशारा मिळाला. भर पावसात पोलीस आणि अन्य यंत्रणांनी मोठी शोधमोहीम राबविली. अखेर तो मासेमारीच्या जाळ्याचा वाहत आलेला बोया असल्याचा निष्कर्ष निघाला. पहिल्या घटनेत खरी नौका किनाऱ्याला लागेपर्यंत तिची वार्ता नव्हती. दुसऱ्या घटनेत वार्ता होती, पण नौका नव्हती. दुसऱ्या प्रकाराची टवाळी करणे सोपे असते. परंतु उंबरठा जेवढा खाली तेवढे असे प्रसंग अटळ असतात, आणि तो वर नेला की पहिल्या प्रकारचे प्रसंग वाढतात. खोट्या इशाऱ्यावर धावून गेलेल्या यंत्रणेचे श्रम वाया गेले असे म्हणता येत नाही. सावधगिरीचे ते मोल असते.

किनाऱ्यावरील गावांचा वाटा

हे मोल कमी करण्याचे सामर्थ्य मात्र गावांच्या हाती आहे. पडद्यावरील ज्या ठिपक्यांची ओळख पटते ते बाजूला काढता येतात आणि उरलेल्या थोड्या ठिपक्यांवर लक्ष केंद्रित होते. म्हणजे प्रामाणिक नौका जेवढ्या स्पष्ट दिसतील तेवढी लपून येणारी नौका उघडी पडेल. नौकेची नोंदणी, ठरवून दिलेला रंग, खलाशांची ओळखपत्रे आणि समुद्रात जाताना व परतताना करावयाची नोंद या गोष्टी अनेकदा केवळ कागदी उपचार वाटतात. वस्तुतः रडारच्या पडद्यावरील गर्दी कमी करण्याचे काम त्या करीत असतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत समुद्राचा गलबला सर्वाधिक असला तरी ओळखीच्या नौका कमी असल्याने एखादा टिकून राहिलेला ठिपका अधिक अर्थपूर्ण ठरतो.

लहान नौकांसाठी दोन साधने विशेष उपयुक्त आहेत. पहिले अगदी साधे आहे. धातूचे तीन त्रिकोणी पत्रे परस्परांशी काटकोनात जोडून केलेला कोपरा रडारच्या लहरी आल्या दिशेलाच परत पाठवितो. खोलीच्या कोपऱ्यात फेकलेला चेंडू तिन्ही बाजूंना आपटून फेकणाऱ्याकडे परत यावा, तसाच हा प्रकार आहे. कोपऱ्याची प्रत्येक कडा ३० सेंटिमीटर असेल, तर ३.२ सेंटिमीटरच्या लहरींना तो अनुकूल दिशेने सुमारे ३३ चौरस मीटरच्या लक्ष्याएवढा भासतो. कडा निम्मी केली तर हेच प्रमाण दोन चौरस मीटरवर येते, आणि काटकोन चुकला तरी लाभ झपाट्याने घटतो. म्हणून असा परावर्तक पुरेसा मोठा, नेटका आणि डोलकाठीवर उंच बांधलेला असावा. चहूबाजूंनी उपयोग व्हावा यासाठी आठ कोपरे असलेली रचना करतात. रात्री किंवा पावसात मोठ्या जहाजाच्या वाटेत येणाऱ्या होडीला यामुळे मोठे संरक्षण मिळते. कारण त्या जहाजाच्या रडारलाही तीच लहान होडी, त्याच लाटांत, शोधावयाची असते.

दुसरे साधन आधुनिक आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने विकसित केलेल्या, उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश देणाऱ्या उपकरणाच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. या योजनेत एक लक्ष मच्छिमार नौकांवर टप्प्याटप्प्याने हे उपकरण बसविण्याचे ठरले. संकटकाळी नौकेला त्यावरून मदत मागता येते आणि किनाऱ्यावरून तिला वादळाची सूचनाही देता येते. याखेरीज समुद्रातील संकटाची खबर तटरक्षक दलाला १५५४ या दूरध्वनी क्रमांकावर देता येते.

शाळांतून प्रतिध्वनी, डॉप्लर परिणाम आणि संभाव्यता हे विषय शिकविले जातात. किनाऱ्यावरील शिक्षकांनी ते दीपगृहाजवळील फिरत्या आकाशकाच्या उदाहरणाने समजावून दिले, तर हे ज्ञान पुस्तकातून थेट बंदरावर उतरेल. मच्छिमार सहकारी संस्था, सागर रक्षक दल आणि ग्रामपंचायती यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक होडीवर परावर्तक आहे काय, उपकरण चालू आहे काय आणि नोंदणी पूर्ण आहे काय, एवढी पाहणी केली तरी पुष्कळ काम होईल. संगणक मिनिटभर टक लावून लाटांमधून एक ठिपका वेगळा काढील. तो ठिपका कोणाचा, याचे उत्तर मात्र किनाऱ्यावरील गावाने ठेवलेल्या नोंदवहीतूनच मिळावयाचे आहे.